दोन सीटांची गाडी

शारजा-दुबईत राहून आलेल्या माणसाला 'मुल्किया' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. गाडीच्या नोंदणीचं ते कार्ड. आपल्याकडच्या आरसी बुकासारखं, पण पाकिटात मावेल एवढं. त्यावर गाडीचा नंबर, इंजिनचा नंबर, चासीचा नंबर आणि मालकाचं नाव. रस्त्यात पोलिसानं गाडी थांबवली की तो दोनच गोष्टी मागतो, लायसन आणि मुल्किया.

मी कविता लिहिणारा माणूस. शब्द हातात आला की तो उलटासुलटा करून बघायची मला खोड आहे. मुल्किया हा शब्द अरबी. म, ल, क ही तीन अक्षरं त्याचं मूळ. आपल्या मराठीतले मालक, मालकी आणि मिळकत हे शब्द याच मुळातून आलेले, आणि मुलूखही याच मुळातला. जे आपल्या ताब्यात आहे ते, आणि ज्याला आपण आपला प्रदेश म्हणतो ते, दोन्ही एकाच घराण्यातले शब्द. मी अठरा वर्षं आखातात काढली. तिथला मुलूख माझा नव्हता, तो तसा कधी होणारही नव्हता. मुल्किया मात्र एक माझ्या नावाची होती. ती १९७२ साली तयार झालेल्या एका जपानी स्पोर्ट्स गाडीची होती. डॅटसन २४०झेड. आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते या गाडीविषयी.

माझं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, खाडीकाठचं. आमच्या वाडीतल्या मागच्या पिढीचे पुरुष बोटीवर जायचे. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखातात कामं निघाली, आणि बोटीवर जाणारे पाय विमानाकडे वळले. घरटी एक माणूस कुवेत, बहारीन, मस्कत, दुबई यांपैकी कुठंतरी. गावातल्या नव्या घरांचे स्लॅब तिकडच्या पैशांचे. मी मराठी विषय घेऊन बी.ए. झालो, तीन-चार वर्षं शाळेत बदली शिक्षक म्हणून काढली, लग्न झालं, आणि १९९४ साली मीही निघालो. शारजात एका बांधकाम कंपनीच्या स्टोअरमध्ये कारकून. ट्रक आणि यंत्रांचे सुटे भाग आले किती, गेले किती, याचा हिशोब ठेवायचा. जीवनानंद म्हणावा असा नव्हे, पण पगार वेळेवर मिळायचा.

तिथं राहणं म्हणजे काय, हे जरा सांगतो. व्हिसा कंपनीच्या नावावर. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला की तुम्ही गेलात. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. रोला भागात एका खोलीत आम्ही सहाजण. खोली त्यांतल्या एकाच्या नावावर, बाकीच्यांची 'बेड स्पेस'. म्हणजे भाडं खाटेचं. खाटेखाली बॅग, खाटेवर आपण. परक्या माणसानं घर विकत घ्यायचं तर कायद्यानंच बंदी. दुबईनं काही ठरावीक भागांत परदेशी लोकांना घराची पूर्ण मालकी द्यायला सुरुवात केली ती २००२ साली, आणि ती घरं काही स्टोअर कारकुनासाठी नव्हती. तेव्हा माझ्यासारख्यानं तिथं कायद्यानं स्वतःची म्हणावी अशी मोठी वस्तू एकच असू शकत होती, ती म्हणजे गाडी.

गाडी घ्यायची तर चारचौघांसारखी घ्यावी, सेकंडहँड करोला किंवा सनी. ती गावाकडून आलेल्या माणसाला विमानतळावरून आणायला उपयोगी पडते आणि विकायची वेळ आली की संध्याकाळपर्यंत विकली जाते. माझ्या खोलीतल्यांचा सल्ला तोच होता. पण १९९९ च्या हिवाळ्यात मी कामानिमित्त शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात गेलो होतो. हा भाग म्हणजे जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार. गल्लीच्या गल्ल्या इंजिनांच्या, दारांच्या, दिव्यांच्या. एका आवाराच्या कोपऱ्यात ताडपत्रीखालून एक लांबलचक नाक बाहेर आलेलं दिसलं. ताडपत्री उचलली. खाली केशरी रंगाची, ठेंगणी, दोनच सीटांची गाडी. रंग उन्हानं उडालेला, तरी मला तो ओळखीचा वाटला. आमच्या वाडीत पोफळीवर सुपारी पिकली की तिचा असाच रंग होतो. बॉनेट इतकं लांब की गाडीचा निम्मा भाग इंजिनच. मागं छत उतरत उतरत शेपटीपर्यंत गेलेलं. साडेचार हजार दिरहॅम सांगितले. माझा दीड महिन्याचा पगार. मी तीन हप्त्यांत दिले.

ही गाडी कोणती, हे मला हळूहळू समजत गेलं. डॅटसन हे निसान कंपनीचंच नाव. तिच्या गाड्या बऱ्याच देशांत या नावानं जायच्या. आपल्याकडेही २०१४ ते २०२२ या काळात डॅटसन नावाच्या लहान गाड्या विकल्या गेल्या, पण त्यांचा आणि हिचा संबंध फक्त नावापुरता. ही गाडी जपानमध्ये १९६९ च्या अखेरीला आली. तिथं तिचं नाव 'फेअरलेडी झेड'. कंपनीच्या तेव्हाच्या अध्यक्षांना 'माय फेअर लेडी' ही संगीतिका आवडली होती, त्यावरून हे नाव कंपनीच्या आधीच्या एका गाडीला मिळालं आणि पुढं चालत आलं. अमेरिकेत निसानचा कारभार पाहत होते युटाका काटायामा. त्यांना वाटलं, स्पोर्ट्स गाडीला हे नाव चालायचं नाही. त्यांनी नावाचा काव्यात्म भाग काढून टाकला आणि इंजिनाचा आकडा पुढं ठेवला. २४००च्या आसपास सीसी म्हणून २४०, आणि पुढं झेड. कवी म्हणून मला हा बदल पटायला नको होता. पण पटला. नाव जितकं साधं तितकं ते लवकर तोंडात बसतं.

त्या काळात जपानी गाडी म्हणजे स्वस्त, लहान, काटकसरी. स्पोर्ट्स गाडी म्हणजे इंग्लंड, इटली, जर्मनी. जपाननं चांगली स्पोर्ट्स गाडी केली नव्हती असं नाही. टोयोटाची २०००जीटी १९६७ मध्येच आली होती. पण ती इतकी महाग की जेमतेम साडेतीनशेच्या आसपास तयार झाल्या. झेडचं वेगळेपण तिच्या किमतीत होतं. अमेरिकेत ती सुरुवातीला ३,५२६ डॉलरला मिळत होती. एका रांगेत सहा सिलिंडर, प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन, ताशी २०० किलोमीटरच्या आसपास वेग, आणि वजन हजार किलोहून थोडंसं जास्त. शाळेतला शिक्षक किंवा हॉस्पिटलातली नर्सही हप्त्यानं घेऊ शकेल अशी ती स्पोर्ट्स गाडी होती. १९७८ पर्यंत या पिढीच्या पाच लाखांहून जास्त गाड्या विकल्या गेल्या. काटायामा २०१५ साली वारले, वयाच्या १०५ व्या वर्षी. जगभरचे झेडवाले त्यांना 'मिस्टर के' म्हणायचे.

हे सगळं ऐकायला छान. पण माझ्या हाती आली ती २७ वर्षांची म्हातारी. या गाड्यांचे दोन आजार प्रसिद्ध आहेत. एक गंज. पत्रा पातळ, पाणी साठायला जागा फार, म्हणून थंड देशांत मीठ टाकलेल्या रस्त्यांवर यांच्या तळाची चाळण झाली. वाळवंटानं माझ्या गाडीला त्यातून बरंच वाचवलं होतं. दुसरा आजार डॅशबोर्डला तडे जाण्याचा, तो मात्र वाळवंटानं व्याजासकट दिला होता. उन्हाळी शेतजमिनीसारख्या भेगा. आणि तिसरा त्रास खास आखातातला. मे ते सप्टेंबर, पारा पंचेचाळीसच्या वर. या गाडीचे कार्बोरेटर इंजिनाच्या ज्या बाजूला, त्याच बाजूला तापलेला एक्झॉस्ट. गाडी चालू आहे तोवर वाहतं पेट्रोल नळ्या थंड ठेवतं. पण तापलेली गाडी पाच मिनिटं बंद केली की नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. मग पुन्हा कितीही किल्ली फिरवा, गाडी खोकते पण उठत नाही. बॉनेट उघडायचं, पेट्रोलच्या नळीला ओलं फडकं गुंडाळायचं, आणि वाट बघायची. एसी नव्हताच. उन्हाळ्यात ही गाडी चालवणं म्हणजे चुलीसमोर बसून दूध उतू जाऊ न देण्यासारखं होतं.

दुरुस्ती मी शिकलो ती एका पठाण मेस्त्रीकडून. पेशावरकडचा माणूस. सगळे त्याला उस्ताद म्हणायचे, मीही म्हणायचो. त्याला लिहिता येत नव्हतं. मी त्याचे इंग्रजी अर्ज भरून द्यायचो, पोलिस चौकीचे, बँकेचे, मुलाच्या शाळेचे. त्या बदल्यात शुक्रवारी त्याच्या शेडचा एक कोपरा माझा. शुक्रवारी आम्हाला सुट्टी असायची. या गाडीचं इंजिन डॅटसनच्या मोठ्या सेडान गाड्यांच्या इंजिनांच्याच कुटुंबातलं. तशा सेडान आखातात पुष्कळ होत्या आणि त्यातल्या पुष्कळ तोवर भंगारात आल्या होत्या. त्यामुळे गॅस्केट, पाण्याचा पंप, पॉइंट असे भाग दहा-वीस दिरहॅममध्ये मिळायचे. काचेभोवतीचं रबर, दिव्याची कडी असलं काही हवं असेल तर मात्र महिनोन्महिने शोध.

उस्तादानं मला शिकवलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कार्बोरेटर जुळवणं. या गाडीला दोन कार्बोरेटर. पुढचा पुढच्या तीन सिलिंडरांना पेट्रोल-हवा देतो, मागचा मागच्या तिनांना. दोघांनी सारखीच हवा ओढली पाहिजे. एकानं जास्त ओढली, दुसऱ्यानं कमी, की इंजिन लंगडतं. यासाठी मोजयंत्र मिळतं. उस्तादाकडे होती हातभर लांबीची रबरी नळी. हवेचे फिल्टर काढायचे, नळीचं एक टोक कानाशी धरायचं, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. आतून फुसफुस ऐकू येते. मग दुसऱ्याची ऐकायची. स्क्रू किंचित फिरवायचा, पुन्हा ऐकायचं. दोन्ही आवाज एकसारखे झाले की इंजिनाची थरथर एकदम थांबते. मी घाई करून पाना उचलला की उस्ताद म्हणायचा, "पहले सुनो, फिर पाना उठाओ." गझलेच्या शेरात दोन ओळी असतात. दोन्हींचं वजन सारखं लागतं. तेही शेवटी कानानंच जुळवावं लागतं. मला हे काम जमलं ते त्यामुळेच असेल.

वर्षातून एकदा गाडीचं पासिंग. तपासणीच्या रांगेत उभं राहायचं. ब्रेक, दिवे, टायर, तळाचा पत्रा. पास झाली तर मुल्किया आणखी एका वर्षासाठी. त्या रांगेत मला नेहमी वाटायचं, इथं आमचीही हीच तऱ्हा आहे. मुदत संपते, तपासणी होते, शिक्का पडला तर पुढची मुदत. गाडीच्या बाबतीत निदान एवढं तरी होतं, की ती पास व्हावी म्हणून मला हातांनी काही करता येत होतं.

लोक दोन प्रश्न विचारायचे. सिग्नलला शेजारच्या गाडीतून काच खाली करून कोणीतरी विचारायचं, "ही तुमची आहे?" प्रश्न गाडीचा असला तरी नजर माझ्या शर्टाकडे, माझ्या खिशातल्या कंपनीच्या बिल्ल्याकडे. स्टोअर कारकून आणि स्पोर्ट्स गाडी, हिशोब जुळत नव्हता. दुसरा प्रश्न मराठी माणसांकडून. तिथं गणेशोत्सवात, दिवाळीत कवितावाचन व्हायचं. मी दोन कविता वाचून खाली उतरलो की कोणीतरी प्रेमानं हात हातात घ्यायचं आणि म्हणायचं, "तुमचं मराठी किती छान आहे हो!" त्यांच्या मनात वाईट काही नसायचं, हे मला माहीत होतं. पण ही दाद पाहुण्याला देतात. पुढच्या कवीला कोणी असं म्हणत नव्हतं. आमच्या घरात बोलतात ती कोकणी मराठीचीच बोली. माझी आजी ओव्या म्हणत जात्यावर बसायची. बी.ए.ला मी ज्ञानेश्वरी अभ्यासाला घेतली ती कोणाच्या परवानगीनं नव्हे. पण त्या टाळीतसुद्धा तोच प्रश्न असायचा, ही तुमची आहे?

या दोन्ही प्रश्नांना मी पुढं एकच उत्तर द्यायला लागलो. हो, मीच सांभाळतो.

या गाडीच्या इतिहासात एक माणूस आहे, त्याची गोष्ट मला फार जवळची वाटते. शेखर मेहता. जन्म युगांडातला, कुटुंब मूळचं भारतीय, तिथं त्यांचे मळे. ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीननं आशियाई वंशाच्या लोकांना ९० दिवसांत देश सोडायचं फर्मान काढलं. पिढ्यांचे संसार लोकांनी बॅगांत भरले. मेहता कुटुंबही बाहेर पडलं, केनियात आलं. आणि पुढच्याच वर्षी, १९७३ च्या ईस्टरमध्ये, या माणसानं ईस्ट आफ्रिकन सफारी रॅली जिंकली. ही रॅली म्हणजे मातीचे रस्ते, चिखल, धूळ, मध्येच आडवी येणारी जनावरं, असे हजारो किलोमीटर. निम्म्याहून जास्त गाड्या वाटेतच मोडायच्या. मेहता आणि स्वीडनचा हॅरी केलस्ट्रोम या दोघांचे दंडाचे गुण शेवटी अगदी सारखे झाले. मग नियम लावला गेला, की जो जास्त अंतर दंडाशिवाय गेला तो विजेता. तो मेहता ठरला. त्याची गाडी होती डॅटसन २४०झेड. त्यानंतर १९७९ ते १९८२ अशी ओळीनं चार वर्षं त्यानं ती रॅली पुन्हा जिंकली, दुसऱ्या डॅटसन गाड्यांतून. २००६ साली लंडनमध्ये तो वारला. ज्याचा मुलूख सहा-आठ महिन्यांपूर्वी एका हुकुमानं गेला, तो माणूस या गाडीच्या चाकामागे बसून काय विचार करत असेल, हे मी जबल हफीतच्या चढावर पुष्कळदा मनात आणून पाहिलं आहे. जबल हफीत हा अल ऐनजवळचा डोंगर. सुमारे १२ किलोमीटरचा चढ आणि साठेक वळणं. झाड नावाला नाही. कशेडी घाटातून एसटीनं जन्म काढलेल्या माणसाला वळणांची भीती नसते, पण इतक्या उघड्याबोडक्या डोंगरावर वळायची सवय व्हायला वेळ लागतो.

माझ्या घरच्यांचं या गाडीविषयी काय म्हणणं होतं? मी फोटो पाठवला होता. अब्बांनी तो चष्मा लावून पाहिला, शेजाऱ्यांना दाखवला, आणि फोनवर मला एवढंच विचारलं, "दोनच सीट? मग घरची माणसं कुठं बसवणार?" मी हसून वेळ मारून नेली. पण त्यांनी बोट ठेवलं होतं ते बरोबर जागी. त्या सगळ्या आयुष्यातच घरच्या माणसांना सीट नव्हती. कुटुंबाला तिथं ठेवायचं तर पगाराची किमान अट, ती माझी पुरी होत नव्हती. दोन वर्षांतून दोन महिने रजा. माझी मुलगी १९९५ ची, ती मला ओळखायची ती आवाजानं. फोनचं कार्ड दहा मिनिटांत संपायचं, त्यातली आठ मिनिटं बिलं, औषधं, कौलांची दुरुस्ती यांत जायची.

२००३ च्या मे महिन्यात पत्नी आणि मुलगी व्हिजिट व्हिसावर महिनाभर आल्या. एका नातेवाइकांनी त्यांच्या फ्लॅटमधली एक खोली दिली. आता गाडीत दोनच जागा. तेव्हा एका शुक्रवारी पत्नी, एका शुक्रवारी मुलगी, अशी पाळी लागली. आठ वर्षांच्या त्या पोरीबरोबर मी आयुष्यात पहिल्यांदाच एकटा बसलो होतो. मध्ये आई नाही, आजी नाही, फोन नाही.

आम्ही पहाटे निघालो. धैदवरून मसाफीला. धैद मागं पडलं की वाळू संपते आणि दगडी डोंगर सुरू होतात. ती गप्प होती. विचारलं तर मान हलवायची. मसाफीच्या बाजारात आंबे बघायला थांबलो, पाण्याच्या बाटल्या घेतल्या, आणि परत आलो तर गाडी उठेना. पेट्रोलची वाफ. मी बॉनेट उघडलं, फडकं भिजवून नळीवर ठेवलं, आणि आम्ही दोघं दुकानाच्या सावलीत कट्ट्यावर बसलो. पाऊण तास तरी जाणार होता. करायला काही नव्हतं, म्हणून मी तिला पेट्रोलची वाफ कशी होते ते सांगायला लागलो. मग तिनं विचारलं, भाताच्या पातेल्यावरचं झाकण उडतं तसं का? मी म्हटलं, तसंच. मग ती शाळेतल्या बाईंबद्दल बोलली, विहिरीत पडलेल्या मांजराबद्दल बोलली, आजी रात्री कोणाशी तरी एकटीच बोलते त्याबद्दल बोलली. ही शेवटची गोष्ट मला घरून कोणीच सांगितली नव्हती. मध्येच थांबून ती म्हणाली, "अब्बा, तुम्ही फोनवर एवढं बोलत नाही."

गाडी थंड झाली, सुरू झाली. मी तिला लगेच आत बस म्हटलं नाही, थोडा वेळ तसेच उभे राहिलो.

पुढच्या शुक्रवारी तिचा हट्ट, की तिला उस्तादाच्या शेडवर यायचं. उस्तादानं तिला स्टुलावर उभं केलं आणि रबरी नळी तिच्या कानाला दिली. तिनं आधी एक ऐकला, मग दुसरा, आणि म्हणाली, "मागचा जास्त ओढतोय." मी स्क्रू किंचित फिरवला. ती म्हणाली, "अजून." पुन्हा फिरवला. "आता दोघं सारखे." उस्तादानं स्वतः ऐकून पाहिलं आणि मान डोलावली. महिना संपला, त्या दोघी गेल्या. त्यानंतर फोनवर तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, गाडी कशी आहे? त्या प्रश्नानं सुरुवात झाली की पुढची दहा मिनिटं वेगळी जायची.

२०१२ साली मी कायमचा परत यायचं ठरवलं. व्हिसा रद्द होण्याआधी गाडी दुसऱ्याच्या नावावर करायची असते. ती घरी आणता येईल का, याची चौकशी मी केली होती. आपल्या देशाचा नियम असा, की वापरलेली गाडी बाहेरून आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको आणि तिचं स्टिअरिंग उजवीकडे हवं. माझी गाडी चाळीस वर्षांची आणि स्टिअरिंग डावीकडे. फार जुन्या, व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी सवलत होती, पण ती १९५० पूर्वी तयार झालेल्या गाड्यांना. म्हणजे माझी गाडी आणायला एकीकडून फार म्हातारी होती आणि दुसरीकडून पुरेशी म्हातारी नव्हती.

बघायला पाच-सहा जण आले. बहुतेकांनी किमतीत घासाघीस केली, एकानं तिच्यात नवं इंजिन बसवायची योजना ऐकवली. शेवटी आला एक सुदानी शिक्षक, अजमानला राहणारा. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, तळाशी वाकून पाहिलं, आणि विचारलं, "तापल्यावर सुरू कशी करता?" मी त्याला ओल्या फडक्याची गोष्ट सांगितली. गाडी त्याला दिली, चौदा हजार दिरहॅमला. कार्बोरेटर जुळवायलाही एक सकाळ त्याच्याबरोबर बसलो. नोंदणी कार्यालयात माझ्या नावाची मुल्किया घेतली, त्याच्या नावाची छापून आली. पाच मिनिटांचं काम. त्या पैशांतून मुलीच्या इंजिनिअरिंगची दोन वर्षांची फी भरली.

पुढं या गाड्यांचे भाव चढत गेले. २०२० च्या जानेवारीत अमेरिकेत सुरुवातीच्या काळातली एक २४०झेड, फारशी न वापरलेली, लिलावात ३ लाख १० हजार डॉलरला गेली. ही बातमी मला मुलीनंच पाठवली. खाली लिहिलं होतं, हिचे कार्बोरेटर कोण जुळवतं विचारा. आणि २०२५ साली आपल्या सरकारनं नियम बदलला. पन्नास वर्षांहून जुनी गाडी आता परवान्याशिवाय देशात आणता येते. सीमाशुल्क इतकं की माझ्यासारख्यानं तो आकडा नुसता वाचावा. पण नियमापुरतं बोलायचं तर माझी गाडी आता या देशात यायला पात्र आहे. ती अजमानमध्येच असावी अशी माझी इच्छा आहे, आणि त्या शिक्षकानं तिचा डॅशबोर्ड बदलला नसावा.

आजही आमच्या भागातली मुलं दुबईला, कतारला जातात. जाण्याआधी कधी भेटायला येतात, विचारतात, चाचा, तिथं काय काय न्यावं? मी त्यांना मसाले न्यायला सांगतो, लोणचं न्यायला सांगतो. आणि एक गोष्ट सांगतो. तिथं काहीतरी असं जवळ ठेवा, ज्याची देखभाल तुम्हाला स्वतःच्या हातांनी करावी लागेल. गाडीच हवी असं नाही. सायकल चालेल, गच्चीवरचं कढीपत्त्याचं रोप चालेल, एखादी भाषा चालेल. पगार घरी जातो, व्हिसा कंपनीचा असतो, खाट घरमालकाची असते. दर शुक्रवारी हात काळे करून जे तुम्ही चालतं ठेवता, तेवढंच तिथं तुमचं असतं. आणि घरचा माणूस भेटीला आला, तर त्याला शेजारी बसवायला एक जागा मोकळी ठेवा. एकच असली तरी पुरते, पाळी लावता येते.